'सरकी'चं शिळं फूल

देवसिंग आडे मास्तर माणूस बघितला की आधी त्याचा रंग ठरवायचा, नाव-गाव नंतर. किसनराव संपादक म्हणजे स्टँपपॅडचा जांभळा, एकदा लागला की आठवडाभर बोटाचा निघत नाही. छापखान्यातला जलाल मशीनमन म्हणजे पेटल्या बिडीचा लाल, दिसायला एवढुसा पण चटका बसतोच. शाळेचे हेडमास्तर म्हणजे भिजलेला खडू. आणि तुझा रंग कोणता रे, असं कोणी विचारलं की मास्तर बिनदिक्कत सांगायचा, "मी कागद! माह्यावर कोणताही रंग उठून दिसते!" म्हणूनच की काय, पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा याशिवाय दुसरं काही त्याच्या अंगावर कोणी पाहिलं नाही. पोरं म्हणायची मास्तरला गर्व आहे. होताच! पण ज्याचा हात चालतो त्याला थोडा गर्व शोभतो.

दारव्ह्याच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावरचा हा माणूस. लहानपणी यानं घरातली कणगी, भिंत, पाण्याचा रांजण, काही म्हणजे काही सोडलं नाही. कोळशानं रेघ ओढायची आणि आत हळद भरायची, नाहीतर कपड्याची नीळ. याडीनं, म्हणजे त्याच्या आईनं, बसंतीबाईनं, एकदा धरून बडवला. चित्र काढलं म्हणून नाही हो, हळद संपवली म्हणून! चित्र तिनं पुसलं नाही. असं करत करत गडी ड्रॉइंगच्या परीक्षा पास झाला, यवतमाळच्या हायस्कुलात लागला, आणि आपल्या तांड्यावरचा पहिला मास्तर झाला.

आणि मग त्याला 'सरकी' भेटलं.

'सरकी' हे किसनरावांचं मासिक. किसनराव आधी मराठीचे शिक्षक, मग एक दिवस नोकरी सोडली आणि म्हणाले, आता मासिक काढतो. त्यात कपाशीवरच्या किडीपासून कवितेपर्यंत सगळं असायचं. धर्मशाळेच्या मागे एक छापखाना होता, तिथं पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर ते छापलं जाई, आणि यवतमाळपासून घाटंजी-पांढरकवड्यापर्यंत लोक ते वाचत. कव्हरवरचं चित्र देवसिंग मास्तराचं. तीन वर्षं झाली होती. पण रंग? रंग किसनरावांचे! आणि तेही दरवेळी तेच दोन, भगवा आणि गडद निळा. चित्रात बैल असो, बाई असो, विहीर असो, सगळं भगवं नाहीतर निळं. का? तर पहिला अंक त्याच रंगांत निघाला होता आणि हातोहात खपला होता. किसनरावांनी मनाशी गाठ मारली ती मारलीच.

मास्तराला हे खुपायचं. म्हणायचा, "लेकरू माहं अन् अंगडं-टोपडं तुमचं! अन् तेबी उसनं आणल्यासारखं."

एकोणसाठ सालची दिवाळी तोंडावर आली तेव्हा तो ठरवूनच किसनरावांच्या खोलीवर गेला. किसनराव प्रुफं तपासत बसले होते. जलाल तिथंच होता, प्रुफं न्यायला आलेला.

"किसनराव, यंदाच्या दिवाळी अंकाचे रंग मी ठरवतो," मास्तर उभ्या उभ्याच म्हणाला.

किसनरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "बसा तर खरे."

"बसत नाही. आधी हाव म्हणा."

"अहो पण भगवा-निळा लोकायले ओळखीचा झाला आता..."

"सासरा बी ओळखीचाच असते, त्याचा फोटो कोणी कव्हरवर टाकते काय?"

जलाल फिसकन हसला. किसनरावांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, मग जरा विचार केला आणि एकदम खुलले. "बरं, असं करू. तुमच्या तांड्याचे रंग आणा! ते घागरे-फेटिया, ते आरसे, लाल-हिरवं-पिवळं, कवड्या-बिवड्या. तुमाले तं ते रक्तातच असन. कव्हर कसं भरून निघन!"

हे ऐकलं की मास्तराची कानशिलं तापायची. जो भेटे तो हेच सांगे. जसं काही तांड्यावर जन्मलेल्या माणसानं आयुष्यभर आरसेच काढायचे!

"किसनराव," तो शांतपणे म्हणाला, "तुमी वऱ्हाडी. म्हणून तुमाले कोणी म्हणते काय, का मासिकात नुसतं पिठलंच छापा?"

आता मात्र जलालला खोलीबाहेर जाऊन हसावं लागलं. किसनराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी प्रुफं बाजूला ठेवली आणि हिशेबी आवाजात म्हणाले, "ठीक आहे. यंदाचे रंग तुमचे. मी तोंड घालणार नाही. पण मास्तर, एक जरी वाचक कव्हरची तक्रार घेऊन आला ना, एक जरी, तं पुढच्या अंकापासून कव्हर नागपूरच्या चित्रकाराकडे. तो केव्हाचा मागे लागला आहे. तुमी मंग आतल्या पानाच्या वेलबुट्ट्या काढा. मंजूर?"

"मंजूर," मास्तर म्हणाला. विचारसुद्धा केला नाही! असाच होता तो.

मग सुरू झाली रंगांची शोधाशोध. मास्तराची पद्धत मोठी न्यारी. घरी बसून रंग ठरवायचा नाहीच. हातभर लांबीच्या कागदाच्या पट्ट्या रंगवायच्या, एकीवर दोन दोन रंग, आणि त्या घेऊन थेट मोटर स्टँडवर, रहमतच्या पुस्तकांच्या टपरीवर. रहमत मासिकं दोरीला चिमटे लावून टांगायचा. मास्तर त्या मासिकांच्या मधोमध आपल्या पट्ट्या टांगे आणि उलट्या पावलानं मागे मागे जाई. टांगेवाले ओरडत, "अबे मास्तर, घोड्याच्या पोटात जातं काय!" पण याचं लक्ष पट्टीवर. ज्या ठिकाणी पट्टीचा रंग बाकीच्या गर्दीत बुडून जाई तिथं तो थांबे आणि म्हणे, "मेला." म्हणजे तो रंग मेला. भगवा-निळा तर पानठेल्यापर्यंतही पोचत नव्हता, कारण बाजूला अजून चार जणांचे भगवे-निळे लटकत होते.

"रंग आपल्यापुरता चांगला असून भागत नाही," तो रहमतला सांगे. "शेजारी कोण बसला आहे ते पाहा लागते. लग्नाच्या पंगतीसारखं आहे."

"तं लवकर ठरव ना बावा," रहमत वैतागून म्हणे. "माही गिऱ्हाइकं तुह्या पट्ट्याच इकत मागून राह्यली. सकाळी एक बाई म्हणे, ही साडीची किनार कितीले?"

हिरवा मेला. जांभळा मेला. लाल-काळा जगला, पण मास्तर म्हणाला, हा तर औषधाच्या दुकानाचा बोर्ड झाला. चार दिवस असे गेले. तरी गडी निश्चिंत! शिट्टी वाजवत शाळेत जाई, शिट्टी वाजवत येई.

रविवारी तो तांड्यावर गेला. याडी कपाशी वेचायला गेली होती म्हणून तोही वावरात गेला. उन्हं चढली होती. काही बोंडं फुटून पांढरी झालेली, काही हिरवी, आणि वरच्या फांद्यांना अजून फुलं लागलेली. ज्यानं वऱ्हाडात कपाशी पाहिली त्याला हे सांगायची गरज नाही, पण तरी सांगतो. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं असतं, लख्ख, आत बुडाशी लालसर डोळा. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी पडतं, मिटतं आणि मग गळतं. त्यामुळे एकाच झाडावर पिवळी आणि गुलाबी दोन्ही फुलं दिसतात. मास्तरानं हे लहानपणापासून हजार वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं!

तो बांधावरून मागे मागे गेला. नेहमीसारखा. पार गाडीरस्त्यापर्यंत गेला. पिवळं जगलं. गुलाबी जगलं. दोघं एकमेकांच्या शेजारी बसून जगले.

"याडी!" तो तिथूनच ओरडला. "सापडलं!"

"काय हरवलतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

त्यानं धावत येऊन तिला सांगितलं. मासिकाच्या कव्हरवर एकच मोठं कपाशीचं फूल, वर पिवळं, बुडाशी गुलाबी, रेघा काळ्या. बाकी काही नाही. बसंतीबाईनं ओट्यातला कापूस पाटीत रिकामा केला. तिच्या अंगावर लाल फेटिया, निळी काचळी म्हणजे चोळी, हातभर पांढऱ्या बांगड्यांची बलोटी, सगळ्या दुनियेचे रंग. ती म्हणाली, "दोनच रंग? गरीब आहे काय रे तुहं मासिक?"

मास्तर पोट धरून हसला. आणि सोमवारी लिनोलियमच्या तुकड्यांवर फुलाचे छापायचे ठसे कोरून मोकळा झाला.

छापखान्यात मात्र गाडी अडली. जलालनं ठसे पाहिले, रंग ऐकले आणि कपाळाला हात लावला. "अरे मास्तर, काळा एक, पिवळा दोन, गुलाबी तीन. तीन रंग म्हणजे कागद तीनदा मशीनमंधून काढा लागते. दरवेळी रूळ रॉकेलनं धुवा, रंग वाळू द्या, मंग पुन्हा. दिवाळी काय तुह्यासाठी थांबन? दोनच फेऱ्या होतात. काळा अन् त्याच्यासंगं एक. बोल, पिवळा का गुलाबी?"

"दोन्ही."

"अबे एक बोल!"

"एका डोळ्यानं लग्न लागते काय, जलालभाई? दोन्ही पाहिजे."

जलालनं बिडी काढली, पेटवली नाही, नुसती तोंडात धरली. तो मशीनकडे बघत राहिला. ट्रेडल मशीनच्या डोक्यावर एक लोखंडी गोल तबकडी असते. शाई तिच्यावर लावतात, रूळ तिच्यावरून शाई उचलतात आणि ठशाला लावतात. प्रत्येक छापाला एक खटका ती तबकडी थोडी थोडी फिरवतो, शाई सारखी पसरावी म्हणून. जलाल म्हणाला, "एक काम होते. या खटक्यालेच बांधून टाकतो. तबकडी फिरणारच नाही. अर्ध्या अंगाले पिवळी लावतो, अर्ध्या अंगाले गुलाबी. ठसा आडवा बसवतो. एकाच फेरीत दोन्ही रंग! दुनिया देखत राहीन."

"मंग आधीच काहून नाही बोलला?"

"तू हट्ट सोडतं का ते पाहून राह्यलो होतो."

आधी काळ्या रेघा छापून झाल्या. मग जलालनं सुतळीनं खटका आवळला, शाई लावली, पाय मारला. पहिला कागद बाहेर आला आणि दोघंही त्यावर वाकले! वर पिवळंधमक, बुडाशी तेवढं गुलाबी, आणि मधे दोन रंग एकमेकांत असे विरघळलेले, जसं फूलच आता देठावरून खुडून आणलं. मास्तराचे डोळे भरून आले. त्यानं लगेच सांगितलं शाईचा वास झोंबला म्हणून, पण जलालला सगळं समजलं. तीन वर्षांनी लेकराच्या अंगावर बापानं स्वतः आणलेलं अंगडं चढलं होतं! मास्तर तसाच शाळेत पळाला, घंटा होऊन गेली होती.

दुपारी शाळा सुटल्यावर तो परत आला तर छापखान्यात किसनरावांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"हे काय आहे, मास्तर? हे काय आहे?" किसनरावांच्या दोन्ही हातांत एक एक कव्हर होतं. डाव्या हातातलं पिवळं, उजव्या हातातलं गुलाबी. जवळजवळ पूर्ण गुलाबी, वर टोकाला नुसती पिवळ्याची आठवण.

जलाल मान खाली घालून रूळ पुसत होता, पण बोलणं तोऱ्यातच. "गुलाबी लय चढेल निघाला. पिवळ्याले खाऊन राह्यला. रूळ फिरता फिरता रंग सरकतेच. वरून पिवळ्याचा डबा संपला. मी काय करू? मशीन आहे, सासू नाही का समजावून सांगू."

"एकाच अंकाची कव्हरं वेगवेगळी! लोक म्हणतीन, 'सरकी'नं दोन अंक काढले, एक चांगला अन् एक उरला-सुरला!"

मास्तरानं कव्हरांचा गठ्ठा उचलला. आणि छापखान्याच्या फरशीवर पहिल्या कागदापासून क्रमानं एक एक मांडत गेला, मधले काही वगळत. दारापासून थेट मशीनपर्यंत ओळ झाली. मग तो मागे मागे गेला, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

पहिलं पिवळं. मग पिवळ्यात थोडी लाली. मग जास्त. मग शेवटी गुलाबी. काय सांगायचं! एका फुलाचे सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंतचे सगळे रंग त्या फरशीवर पडले होते. यानं ठरवलं असतं तरी असं जमलं नसतं.

त्याला क्षणभर भीतीही वाटली, खोटं कशाला बोला. नागपूरचा चित्रकार डोळ्यासमोरून गेला, वेलबुट्ट्या गेल्या. पण पाहतो तो फुलं तर खरी होती! कपाशीनं कधी सगळी फुलं एकाच रंगाची काढली होती?

"एक बी फेकायचं नाही," तो म्हणाला. "सगळी बांधा अंकाले. माह्या नावावर."

"अन् तक्रार आली तं?"

"तुमचा शब्द तुमच्यापाशी, माहा माह्यापाशी."

अंक निघाला. आणि तक्रार आली, तीही कोणाची? घाटंजीच्या विठ्ठलरावांची! विठ्ठलराव म्हणजे गावचे पाटील, मोठे शेतकरी, 'सरकी'चे पहिल्या दिवसापासूनचे हितचिंतक. कागदाची टंचाई असली की त्यांच्याच ओळखीनं कागद मिळे. त्यांच्याकडे अंक गेला तो गुलाबी. आणि त्यांच्या शेजारच्या वावरवाल्या मारोतीला, ज्याच्याशी त्यांचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, वर्षानुवर्षं वाजत होतं, त्याला आला पिवळा! मारोतीनं पानठेल्यावर अंक उघडून सगळ्या गावाला दाखवला, "पाहा रे बाप्पा, आमच्यासारख्याले ताजं फूल आलं, अन् पाटलाले कालचं शिळं!"

झालं! गुलाबी म्हणजे कालचं, हे घाटंजीतल्या शेंबड्या पोराला माहीत. शहरातल्या माणसाला नुसता रंग दिसला असता, यांना अपमान दिसला. आणि मास्तर, कपाशीत वाढलेला मास्तर, रंग बघण्याच्या नादात नेमकं हेच विसरला होता.

विठ्ठलरावांचा निरोप आला, पिवळा अंक पाठवा नाहीतर 'सरकी'शी संबंध संपला. किसनरावांनी लगेच पिवळा अंक कागदात गुंडाळला. "मास्तर, हा देऊन या. अन् तक्रार झाली बरं. तुमाले आठवते ना काय ठरलं?"

"आठवते. घाटंजीले जातो," मास्तर म्हणाला, "पण हा नेत नाही. एक बदलला का सगळे बदला लागतीन. मंग गुलाबी म्हणजे खरंच शिळं, असं आपणच सांगितल्यासारखं होईन."

"अहो, कागद बंद होईन आपला!"

"कागदावर छापण्यासारखं काही राह्यलं पाहिजे ना आधी," असं म्हणून तो मोटरीत जाऊन बसलासुद्धा.

घाटंजीला त्या दिवशी बाजार होता. विठ्ठलराव मात्र वावरात होते, वेचणाऱ्या बायांवर देखरेख करत. मास्तराला येताना पाहिलं तसे ते दुरूनच म्हणाले, "या मास्तर. आणलं ताजं?"

"नाही आणलं."

"मंग कायले आले?"

"तुमचं शिळं पाहाले आलो."

विठ्ठलरावांनी बाभळीखाली ठेवलेल्या पिशवीतून अंक काढला आणि पुढं धरला, दोन बोटांत, जसा मेलेला उंदीर. "तुमी पाव्हण्याले शिळी भाकर वाढता काय?"

"नाही वाढत."

"मंग मले काहून वाढली? मी काय केलतं 'सरकी'चं?"

त्या प्रश्नात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं, आणि ते मास्तराला बरोबर कळलं. त्याच्या जिभेवर तयार असलेली सगळी चलाख उत्तरं खाली गेली. तो म्हणाला, "पाटील, माही एक चूक झाली. मले नुसता रंग दिसला. तुमच्या मनाचं ध्यानात आलं नाही. पण अंक मी बदलून देणार नाही."

"वा रे! चूक बी म्हणता अन् बदलत बी नाही?"

"एक सांगा. या वावरात यंदा पीक कसं होईन?"

"आता हे कुठून काढलं?"

"सांगा ना. हे पाहा, या झाडाले पिवळी फुलं किती आहेत! भरघोस होईन म्हणता?"

विठ्ठलराव अडाण्याकडे बघावं तसे बघत हसले. "मास्तर, तुमी तांड्यावरचे ना? वावर विसरले तुमी. पिवळ्यावरून कोणी पीक सांगते काय? पिवळं आज आहे, उद्या वारा आला, किडा लागला, गळून गेलं. त्याचा काय भरवसा! गुलाबी पडलं, सुकलं, अन् त्याच्या खाली गाठ धरली, का मंग समजायचं हे बोंड आप..."

आणि ते थांबले. हातातल्या अंकाकडे बघितलं. मग मास्तराकडे. मग परत अंकाकडे.

मास्तर चुप. एक अक्षर नाही! आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर चुप बसला असेल.

"लय पोचलेला आहेस बे," विठ्ठलराव म्हणाले, 'तुमी'वरून एकदम 'तू'वर. "माह्याच तोंडून काढलं."

"म्या काय काढलं? वावर तुमचं, बोंड तुमचं."

"पण हे तुले समजलं अन् मले समजलं. त्या मारोत्याले कोण सांगन?"

"बाजाराचा दिवस आहे, पाटील. तुमचा आवाज काय लहान आहे?"

विठ्ठलरावांनी मिशीला पीळ दिला. मग बायांना म्हणाले, "वेचा तुमी, येतोच मी," आणि अंक असा उघडा, छातीशी धरून निघाले. मास्तर मागोमाग.

मारोती पानठेल्यावरच होता. विठ्ठलराव जाऊन त्याच्यासमोर उभे राहिले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे मारोती, ताजं फूल घेऊन फिरून राह्यला म्हणे! फिर, फिर. फुलावर फिरणाऱ्यानं फुलावर फिरावं. आमच्या फुलाखाली बोंड आहे!"

बाजार असा हसला म्हणता! तराजू तसेच हातात धरून लोक हसले. मारोतीनं आपला पिवळा अंक पाहिला, पाटलाचा गुलाबी पाहिला, आणि तोंड वाकडं करून मास्तराला म्हणाला, "मास्तर, हे बरं नाही केलं. आमच्या नशिबी बिनबोंडाचं फूल काहून? मलेबी तो गुलाबी पाहिजे."

"बदली नाही," मास्तर म्हणाला. "ज्याचं फूल त्याचं."

दुसऱ्या दिवशी रहमत टपरी उघडी टाकून धापा टाकत किसनरावांच्या खोलीवर आला. मास्तर आणि जलाल तिथंच बसले होते. "किसनराव, काय भानगड करून ठेवली तुमी? घाटंजीहून आलेले लोक गुलाबीच मागून राह्यले. पिवळं दाखवलं तं म्हणतात हे पोकळ आहे! अन् गावातल्या बायांले पिवळंच पाहिजे. दोघं जणं तं माह्या टपरीसमोर भांडले, कोणतं खरं म्हणून. गुलाबी संपले, अजून द्या!"

किसनरावांनी मास्तराकडे बघितलं. "म्हणजे आता पिवळ्यावाल्यायची तक्रार!"

"हाव," मास्तर पाय पसरत म्हणाला. "एक सोडून गाडीभर तक्रारी झाल्या. पण किसनराव, मले एक सांगा, तीन वर्षांत भगव्या-निळ्यावरून कोणी भांडलं काय? कव्हर कोणी इतकं निरखून तरी पाहिलं?"

टेबलावर दोन्ही अंक शेजारी शेजारी पडले होते. किसनरावांनी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. माणूस स्टँपपॅडचा जांभळा खरा, पण वाचक म्हणजे काय ते त्याला कळत होतं.

"मंग नागपूरवाल्याले काय कळवू?" शेवटी ते म्हणाले.

"कळवा, यवतमाळात माणूस आहे," मास्तर म्हणाला.

"अन् मशीनमन बी," जलाल मागून बोलला.